यंत्राची चूक कुणाच्या नावे?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

एआयबद्दल काय विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग येऊन पडला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून निवृत्त झाले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा, असं ते काम. त्यामुळे कुठलीही नवी वस्तू समोर आली की माझी नजर आधी खोट शोधते. हे धरून वाचा.

ताई, सरळच विचारतो. हे एआय समाजाला तारणार की बुडवणार? पेपरात एका पानावर कौतुक, दुसऱ्या पानावर घाबरवणं. आमच्यासारख्यांनी काय समजायचं?
— बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक

काका, 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनीच शाळेत लिहिलाय. शेवटी 'ते वापरणाऱ्याच्या हातात आहे' असं लिहिलं की मार्क मिळायचे. मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं. जो वापरतो तो आणि ज्याच्यावर वापरलं जातं तो, ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात.

तुम्ही बँकेत होतात, म्हणून तुमच्याच भाषेत बोलते. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी बघायच्या. फायदा कुणाच्या खात्यात जमा होतो, चूक कुणाच्या नावे पडते, आणि ज्याच्या नावे पडते त्याला दाद मागायला जागा आहे का.

जमेची मोठी रक्कम आधी सांगते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती घडी घालून ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम अवलंबून असतं. हा आकार प्रयोगशाळेत शोधायला महिने, कधी वर्षं जायची. गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने २०२० मध्ये याच विषयाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सगळ्यांना मागे टाकलं, आणि २०२२ च्या जुलैपर्यंत २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचे अंदाज जगाला फुकट खुले झाले. डीपमाइंडच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला तो यासाठी. आता माझा आवडता प्रश्न : अंदाज चुकला तर? आकाराच्या कुठल्या भागाबद्दल आपल्याला कितपत खात्री आहे, हे तो प्रोग्राम स्वतःच सांगतो. पुढे संशोधक प्रयोग करून पडताळतो. चूक पडते ती त्याच्याच टेबलावर, आणि ती पकडायची साधनंही त्याच्याच हाताशी असतात.

नावेची बाजू बघायला नेदरलँड्सला जावं लागेल. तिथल्या कर खात्याकडे मुलांच्या पाळणाघराच्या भत्त्याचं काम होतं. कुठला अर्ज संशयास्पद आहे ते ठरवायला एक गुण देणारी प्रणाली होती आणि तिच्यात अर्जदाराचं नागरिकत्व हाही एक निकष होता. हजारो पालक लबाड ठरले. फॉर्मवर एखादी सही राहिली म्हणून संपूर्ण भत्ता परत मागितला गेला. लोक कर्जात बुडाले, संसार मोडले. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. कायदाही कडक होता आणि अधिकारी त्याहून कडक. पण 'सिस्टिमने दाखवलंय' म्हटल्यावर समोरच्या बाईचं ऐकायची गरज उरत नाही, ही सोय यंत्राने करून दिली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

जरा आकडेमोड करू. दहा लाख अर्जदार आहेत आणि त्यांतले एक हजार खरोखर लबाड आहेत असं धरा. प्रणाली ९९ टक्के अचूक आहे, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव लबाड पकडते आणि शंभरातल्या नव्व्याण्णव प्रामाणिकांना सोडते. तर लबाडांपैकी ९९० सापडतील. प्रामाणिक ९,९९,०००, त्यांचा एक टक्का म्हणजे ९,९९० जण. यादी झाली १०,९८० नावांची, आणि तीत दर अकरा नावांमागे दहा निरपराध. जाहिरातीत '९९ टक्के अचूक' छापणारा खोटं बोलत नसतो, काका. फक्त ही वजाबाकी तो करून दाखवत नाही.

आणि यासाठी एआय हुशार असावं लागतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून सरकारी मदत घेणाऱ्यांची वर्षाची कमाई सरसकट पंधरवड्यांत वाटून, 'तुम्ही जास्त पैसे घेतलेत' अशा नोटिसा आपोआप जात होत्या. ज्याला चार महिनेच काम मिळालं त्याच्या रिकाम्या महिन्यांतही कागदावर कमाई दिसायला लागली. हा साधा भागाकार होता! पैसे देणं लागत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र त्या माणसावर. २०२३ मध्ये तिथल्या चौकशी आयोगाने या योजनेची पार सालटी काढली.

तारणार की बुडवणार, हे मी एका शब्दात सांगणार नाही. कुठे वापरलंय ते सांगा, मग बोलू.

माणसं वशिल्याने निर्णय घेतात. यंत्राला ना काका, ना मामा, ना भाचा. मग भरती, कर्ज, प्रवेश हे सगळं यंत्रावरच सोपवलेलं काय वाईट?
— नोकरीच्या शोधात असलेला एक वाचक

तुझा राग मला समजतो. वशिल्याने डावलला गेलेला माणूस यंत्राकडे आशेने बघणारच. पण यंत्राला नातेवाईक नसले तरी त्याला शिकवणी असते, आणि ती आपल्याच जुन्या निर्णयांची असते.

अमेझॉनने बायोडेटा चाळणारा एक प्रोग्राम करून पाहिला होता. दहा वर्षांत आलेले अर्ज त्याला शिकायला दिले. त्यांत पुरुषच जास्त. बायोडेटात महिलांच्या संघाचा, महिलांच्या कॉलेजचा उल्लेख आला की तो गुण कापायला शिकला. तो गुंडाळावा लागल्याची बातमी २०१८ मध्ये बाहेर आली. त्याहून मला बोचलं ते २०१९ मधलं संशोधन. अमेरिकेत कुठल्या रुग्णाला जादा देखरेख द्यायची हे ठरवणारा एक प्रोग्राम होता. त्यात वंशाचा रकानाच नव्हता. आजार किती गंभीर आहे हे मोजायला त्याने 'आधी किती खर्च झाला' हा आकडा धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात खर्चच कमी झालेला, म्हणून ते कमी आजारी ठरले. माप सुधारलं तर जादा देखरेखीच्या यादीत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. माप चुकीचं निवडलं, बस.

माझ्या कामातलं एक सांगते. ग्राहकांच्या तक्रारी वाचून 'तातडीची' आणि 'सवडीची' असे दोन ढीग करणारा प्रोग्राम माझ्याकडे तपासायला आला होता. आकडे उत्तम होते. सगळे खूश. मी एक खेळ केला. एकच तक्रार दोनदा लिहिली. पहिली : 'मशीनमधून धूर येतोय, तुम्ही झोपा काढताय का?' दुसरी : 'आपल्याला तसदी देत आहे. मशीनमधून थोडा धूर येत असल्यासारखे वाटते. सवडीने पाहावे ही विनंती.' पहिली तातडीच्या ढिगात गेली, दुसरी सवडीच्या. मग अशा जोड्याच्या जोड्या लिहीत बसले. निकाल तोच. आधीच्या कर्मचाऱ्यांनी ओरडणाऱ्यांची कामं आधी केली होती आणि प्रोग्राम त्यांच्याकडूनच शिकला होता. धूर त्याला कळतच नव्हता, त्याला आवाज कळत होता. सभ्य, वयस्क, भिडस्त माणसं रांगेत मागे. मॅनेजर म्हणाले, 'एकूण अचूकता तर वाढलीये ना?' वाढली होती, खरंच.

हे लक्षात आलं म्हणून दुरुस्त तरी करता आलं. माणसाच्या डोक्यातला वशिला असा जोड्या लावून तपासता येत नाही, आणि ही यंत्राच्या बाजूने मोठी गोष्ट आहे. म्हणून मी 'यंत्र नको' म्हणत नाही. फक्त जोड्या लावून बघायला कुणालातरी पगार देऊन बसवा, आणि त्याच्या अहवालावर सही झाल्याशिवाय ते सुरू करू नका.

मला डॉक्टर व्हायचंय, पुढे रेडिओलॉजी घ्यायची इच्छा आहे. दादा म्हणतो, तोपर्यंत एक्स-रे एआयच वाचेल, दुसरं काहीतरी बघ. काय करू?
— बारावीतली एक विद्यार्थिनी

तुझ्या दादाच्या आधी हे जेफ्री हिंटन म्हणाले होते. आजच्या एआयच्या पायाभूत कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर ज्यांना मिळालं तेच हे. २०१६ मध्ये ते म्हणाले, रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा; पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. ती मुदत संपत आली आणि जगभर रेडिओलॉजिस्ट कमीच पडताहेत. यंत्र मागे राहिलं म्हणून नाही. फिल्म वाचणं हा त्या कामाचा एक तुकडा आहे, हे हिशोबात धरलं नव्हतं म्हणून.

स्वीडनमधली एक चाचणी तुला वाचायला आवडेल. ८० हजारांवर स्त्रियांची स्तनांची तपासणी झाली. निम्म्या फिल्म नेहमीसारख्या दोन-दोन डॉक्टरांनी वाचल्या. उरलेल्या निम्म्या आधी एआयने पाहिल्या. जिथे धोका कमी वाटला तिथे एक डॉक्टर, जिथे जास्त वाटला तिथे दोन. २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या निकालात डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्के कमी झालेलं दिसलं, आणि सापडलेले कर्करोग कमी नव्हते. डॉक्टर तोच, वेळ वाचला, बाईला धोका नाही. यापेक्षा चांगला वापर मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही दादालाही वाचून दाखव. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना एआयची सवय झाल्यानंतर, एआय बंद असतानाचं त्यांचं काम पाहिलं गेलं. आधी ते सुमारे २८ टक्के तपासण्यांत पुढे धोकादायक ठरू शकणारी गाठ शोधत होते. सवयीनंतर हे प्रमाण २२ च्या आसपास आलं. २०२५ मधला हा एकच अभ्यास आहे आणि तोही निरीक्षणाचा, म्हणजे मुद्दाम प्रयोग न लावता जे घडलं ते पाहून केलेला, तेव्हा लगेच डंका पिटायचं कारण नाही. पण ज्यांची नजर आधीच तयार होती त्यांचं हे झालं. तू तर नजर तयार व्हायच्या आधीच यंत्राशेजारी बसणार आहेस.

रेडिओलॉजी घे. फक्त शिकताना आधी स्वतः फिल्म वाचायची, मत कागदावर लिहायचं आणि मगच यंत्राचं उत्तर उघडायचं. उलट्या क्रमाने केलंस तर दहा वर्षांनी यंत्राच्या खाली सही करणारी बाई होशील, आणि चूक झाली की कोर्टात तीच सही दाखवतील.

मुलं निबंध एआयकडून लिहून आणतात. ओळखणारं सॉफ्टवेअर शाळेने घेतलंय. त्यात एका शांत, अभ्यासू मुलीचा निबंध 'एआयने लिहिलेला' आला. ती रडतेय, मी नाही लिहून घेतला म्हणते. कुणावर विश्वास ठेवू?
— एक शिक्षिका

बाई, मुलीवर. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच असं ओळखणारं साधन काढलं होतं आणि जुलै २०२३ मध्ये ते अचूक नाही म्हणून मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांवर 'एआय' असा शिक्का बसला. कारण साधं आहे. ही साधनं मुख्यतः पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. नेटकं, बेताच्या शब्दसंग्रहात, शिकवल्याबरहुकूम लिहिणारं मूल त्यांना यंत्रासारखं वाटतं. म्हणजे तुमची शांत, अभ्यासू मुलगी.

तिला जवळ बसवून निबंधावर चार प्रश्न विचारा. हे उदाहरण कुठून सुचलं, हा परिच्छेद आधी का घेतलास. ज्याने लिहिलंय तो बोलतो. ज्याने उतरवलंय तो पाय घासतो. हे तुम्हाला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगलं कळतं. त्यासाठी वेळ लागतो आणि वर्गात मुलं फार असतात, ही खरी अडचण. ती शाळेसमोर त्याच शब्दांत मांडा.

एक वेगळा गृहपाठही देऊन बघा. एआयने लिहिलेलं उत्तर तुम्हीच वाटा आणि 'यातलं खोटं शोधा' म्हणा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले तसेच कोर्टात सादर केले. ते खटले अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. ही गोष्ट सांगा, मुलं कामाला लागतील. मलाही असला गृहपाठ मिळाला असता तर शाळा जास्त आवडली असती.

मुलाच्या आवाजात फोन आला, अपघात झालाय, पैसे पाठव. आवाज हुबेहूब त्याचाच. देवाच्या कृपेने त्याच वेळी तो घरात शिरला. पुढच्या वेळी ओळखायचं कसं?
— एक आई

आवाजावरून ओळखायचा नादच सोडा. हाँगकाँगमध्ये २०२४ साली एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपले साहेब आणि सहकारी 'पाहून' जवळजवळ २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे बाकी सगळे बनावट होते. फोन ठेवायचा आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. घरात एक खुणेचा शब्द ठरवा, तो कुठेही टाइप करू नका. समोरचा 'फोन ठेवू नकोस' म्हणाला की लगेच ठेवा.

एआय माणसालाच संपवेल असं मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणतात. तुम्ही मात्र भत्ते आणि बायोडेटा यांवरच बोलता. मोठा धोका टाळताय का?
— एक जुने वाचक

टाळत नाही. मे २०२३ मध्ये एका वाक्याचं निवेदन निघालं : एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं याला साथीचे रोग आणि अणुयुद्ध यांच्या बरोबरीने जागतिक प्राधान्य मिळावं, असा त्याचा आशय. सही करणाऱ्यांत हिंटन आणि योशुआ बेंजिओ हे एआय शास्त्रज्ञ होते, डीपमाइंडचे हसाबिस आणि ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमनही होते. एआय शास्त्रज्ञ यान लकून यांच्यासारखे तितकेच मोठे लोक ही भीती अवास्तव मानतात. एवढी माहीतगार माणसं भांडत असताना मी निकाल देणं म्हणजे आगाऊपणा.

पण एक विचारावंसं वाटतं. सही करणाऱ्यांतले काही जण दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तेच यंत्र आणखी मोठं करत होते. उद्याचा प्रलय फार मोठ्याने सांगितला की आज चुकीची नोटीस मिळालेल्या बाईचा आवाज दबतो, आणि ते काहींच्या सोयीचं आहे. शिवाय या दोन चिंता वेगळ्या आहेत असं मला वाटत नाही. तक्रारींचे ढीग करणारा प्रोग्राम जर आपण तपासल्याशिवाय चालू करतो, तर त्याहून शक्तिमान यंत्राच्या बाबतीत अचानक शहाणे कसे होणार? सवय लहान यंत्रांवरच लावावी लागेल. युरोपीय संघाने सुरुवात केलीये. त्यांचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. नागरिकांना वागणुकीवरून गुण देणारी आणि कामाच्या जागी चेहऱ्यावरून भावना ओळखणारी एआय फेब्रुवारी २०२५ पासून तिथे बंद आहे. भावना ओळखणाऱ्या एआयला वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरती सूट आहे. अंमलबजावणी कशी होते ते बघायचं.

आमच्या ऑफिसात अर्जांना गुण देणारी एआय प्रणाली येतेय. पुढच्या आठवड्यात विक्रेता दाखवायला येणार. मला तांत्रिक काही कळत नाही, पण मीटिंगला बसायचंय. काय विचारू?
— कार्यालयात काम करणारी एक वाचक

तांत्रिक काही विचारूच नका, तिथे तो तुम्हाला गुंडाळेल. अचूकतेचा आकडा तो सांगेलच. त्यावर म्हणा, चुकते तेव्हा जास्त कोण भरडलं जातं ते दाखवा : वयाने, भाषेने, लिंगाने वेगवेगळं. 'तसं मोजलेलं नाही' असं उत्तर आलं तर मीटिंगचं काम झालं. मग आपल्याच ऑफिसातले जुने पाच-पन्नास अर्ज, ज्यांचा निकाल तुम्हाला माहीत आहे, ते नावं काढून चालवायला द्या. त्याने आणलेल्या नमुन्यांवर खूश होऊ नका. ते नटवूनच आणलेले असतात.

आणि मग तुमच्या साहेबांना विचारा, विक्रेत्याला नाही. नाकारलेला अर्जदार खिडकीशी येऊन 'का?' म्हणाला तर त्याला काय सांगायचं? यंत्राचा निकाल फिरवायचा अधिकार कुणाला, आणि फिरवणाऱ्याला रोज त्याचा खुलासा द्यावा लागणार का? द्यावा लागणार असेल तर कुणीही फिरवणार नाही, हे मी खात्रीने सांगते. जबाबदारीचं म्हणाल तर कॅनडात २०२४ मध्ये एका विमान कंपनीने 'आमच्या चॅटबॉटने दिलेली माहिती ही त्याची जबाबदारी' असा युक्तिवाद केला होता. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. हे साहेबांच्या कानावर घाला, ते सावरून बसतील.

उत्तरं लेखी मागा. मिनिट्समध्ये नुसतं 'सूचनेची नोंद घेतली' असं आलं, तर पुढच्या मीटिंगला तोच प्रश्न पुन्हा विचारा.